चीनचे कारखाने आणि एक शीफू
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावरून बोलायची मला सवय नाही. आमच्या सांस्कृतिक चिटणीसांनी आग्रह केला, "तुम्ही इतक्या वेळा चीनला जाऊन आलात, ती भिंत वगैरे पाहिली असेल, त्यावर बोला." म्हणून आधीच सांगून टाकतो, नऊ वेळा चीनला जाऊनही मी ती भिंत पाहिलेली नाही. मी पाहिल्या त्या फौंड्र्या, मशीन शॉप, टेस्टिंगच्या लॅब आणि हॉटेलच्या खोलीतली इलेक्ट्रिक किटली. तेव्हा आज बोलणार आहे ते त्याच गोष्टींबद्दल. ज्यांना भिंतीची आशा होती त्यांनी चहाची वेळ होईपर्यंत सांभाळून घ्यावे.

मी मूळचा कोल्हापूरचा. तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत चार वर्षे वाळूत काढली आणि २००५ साली इथे बंगळूरला आलो. तेव्हापासून रेल्वे आणि मेट्रोचे डबे, बोगी या कामात आहे. बाहेरून येणारा माल तपासणे, आणि तो जिथे बनतो तिथे जाऊन बघणे, हे माझे काम. आपल्यापैकी बरेच जण येलहंकाच्या चाक कारखान्यातले आहेत. त्यांच्यापुढे ओतीव कामाबद्दल बोलणे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे वर्णन करणे. पण इथे बँकेतली, शाळेतली, आयटीतली मंडळीही आहेत, म्हणून थोडे सोपे करून सांगतो.

डब्याच्या प्रत्येक ॲक्सलच्या दोन्ही टोकांना बेअरिंग असते आणि ते बेअरिंग ज्या घरात बसते त्याला ॲक्सल बॉक्स म्हणतात. एका डब्याला चार ॲक्सल, म्हणजे आठ बॉक्स. मेट्रोच्या डब्यात एका ॲक्सलवर साधारण सोळा-सतरा टन वजन येते आणि ते सगळे या बॉक्समधूनच खाली चाकाकडे जाते. हा नग धावत्या गाडीखाली तडकला तर काय होईल, हे रेल्वेतल्या माणसाला सांगावे लागत नाही. तो बनतो एसजी आयर्नचा. साध्या बिडात कार्बन पापुद्र्यासारखा पसरलेला असतो, म्हणून बीड ठिसूळ. त्याच वितळलेल्या लोखंडात ओतण्याआधी थोडे मॅग्नेशियम घातले की कार्बनच्या पापुद्र्याऐवजी गोळ्या बनतात आणि लोखंड चिवट होते. पण हे मॅग्नेशियम फार वेळ टिकत नाही. लाडलमध्ये लोखंड जितके थांबेल तितका त्याचा असर उतरत जातो. दहाएक मिनिटांत ओतून मोकळे व्हावे, असा फौंड्रीतला ढोबळ नियम. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चीनला जाण्याविषयी. पहिल्यांदा गेलो २०१६ मध्ये. दिल्लीहून शांघाय, आणि शांघायच्या होंगचाओ स्टेशनातून तासाभराच्या वेगवान गाडीने चांगझोऊ. या गावात आणि आसपास रेल्वेचे सुटे भाग बनवणारे कारखाने इतके आहेत की आपल्या शिवाजी उद्यमनगराची आठवण यावी, फक्त रस्ते सहापदरी. गाडी तीनशेच्या वेगाने चालली होती आणि मी खिडकीवर पाण्याची बाटली उभी करून ती हलते का बघत होतो. शेजारच्या चिनी आजींना वाटले असेल, हा माणूस प्रथमच गाडीत बसला आहे. त्यांना काय सांगणार, की बाबा, माझा धंदाच हा आहे.

नव्या पुरवठादाराकडे जाताना पहिला प्रश्न असतो, समोरचा खरोखर कारखानदार आहे की दलाल. चीनमध्ये प्रत्येक कंपनीकडे सरकारी परवाना असतो आणि २०१५ पासून त्यावर अठरा अंकी नोंदणी क्रमांक असतो. त्यात कंपनीने काय काम करायचे तेही लिहिलेले असते, उत्पादन की नुसता व्यापार. हा कागद आधी मागवून दुभाषाकडून वाचून घ्यावा. तरीही डोळे उघडे ठेवावे लागतात. एका ठिकाणी आम्हाला मोठ्या थाटात कारखाना दाखवला. दारावर स्वागताचा लाल दिव्यांचा फलक, त्यावर आमच्या कंपनीचे नाव, सगळे झकास. पण कामगारांच्या पाठीवर एका कंपनीचे नाव, मशीनवरच्या मालमत्तेच्या चिकट्यांवर दुसऱ्याच कंपनीचे, आणि आमच्या यजमानाला स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारावे लागले. आपल्याच कारखान्यात मालकाला संडास सापडत नाही म्हटल्यावर पुढचे बोलणे आम्ही चहावरच आटोपले. दलाल वाईटच असतो असे माझे म्हणणे नाही, पण माल बिघडल्यावर तो कोणाच्या भट्टीपाशी उभा राहणार?

सही आणि शिक्क्याचेही तसेच. आपल्याकडे सहीला मान, तिथे कंपनीच्या गोल लाल शिक्क्याला. मोठ्या साहेबाची सही असलेला कागद शिक्क्याशिवाय कोणी मोजत नाही. आणि तो शिक्का ज्या कपाटात असतो त्याची किल्ली सांभाळणाऱ्या बाई सुट्टीवर असल्या की सगळे ठप्प. हे वाक्य ऐकून आपल्यातल्या सरकारी मंडळींना हसू येणे साहजिक आहे.

खाण्याविषयी सगळेच विचारतात. मी कोल्हापूरचा, मला फारशी अडचण आली नाही. हाल झाले ते माझ्या बरोबरच्या शाकाहारी साहेबांचे. "वो छ सू", म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे वाक्य त्यांनी पाठ केले होते. पण तिथे भाजीत चवीपुरता खिमा घातला तरी ती भाजीच. शेवटी टोमॅटो घालून केलेली अंड्याची भुर्जी आणि भात यावर त्यांनी बारा दिवस काढले, अंडे त्यांना चालत होते म्हणून निभावले. जेवण साडेअकरालाच आणि जेवणानंतर ऑफिसातले दिवे बंद करून सगळे टेबलावर डोके ठेवून झोपतात. तासाभराने दिवे लागतात आणि जणू काही झालेच नाही असे काम सुरू होते. ही पद्धत आपल्याकडे आणावी असा ठराव मी मंडळात मांडायला तयार आहे. पाणी मात्र गरमच पितात, भर उन्हाळ्यातही.

शॉपवर आणखी एक गंमत. ते एका हाताच्या बोटांनी दहापर्यंत मोजतात. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. किती नग तयार आहेत विचारले की माणूस लांबून अंगठा व तर्जनी दाखवतो आणि आपण दोन समजून कपाळावर हात मारतो.

भाषेचा प्रश्न मात्र गमतीचा नाही. दोन शब्द मी चांगले शिकलो. एक "मेई वन्ती", म्हणजे काही अडचण नाही. हा शब्द सकाळपासून तीनदा ऐकला की समजावे, कुठेतरी अडचण आहे. दुसरा "छा-पु-तुओ", म्हणजे जवळजवळ बरोबर. याचे कोल्हापुरी भाषांतर एकच, "चालतंय की." दुभाषी मुली हुशार असतात, पण पगार त्यांना पुरवठादार देतो आणि पाहुण्याचा नकार जसाच्या तसा साहेबाला सांगणे त्यांच्या जिवावर येते. मी म्हणणार, "हे चालणार नाही", आणि ती सांगणार, "पाहुणे म्हणतात थोडा विचार करावा लागेल." म्हणून मी नकार तोंडी न देता आकड्यात लिहून द्यायला लागलो. आकड्याचे भाषांतर करावे लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर मी उभा राहिलो ती सांगतो. मार्च २०१८. चिनी नववर्ष त्या वर्षी १६ फेब्रुवारीला होते. या सणाला कारखाने दोन-तीन आठवडे बंद असतात, कामगार हजार-हजार किलोमीटरवरच्या गावी जातात आणि त्यातले बरेच परत येत नाहीत, दुसरीकडे काम धरतात. म्हणून सणानंतरचा पहिला माल जपून बघावा, हे या धंद्यातला कोणीही सांगेल. आमचे २४० ॲक्सल बॉक्स नेमके त्याच दिवसांत ओतलेले. २४० म्हणजे तीस डबे, सहा डब्यांच्या पाच गाड्या. इकडे बोगीची लाइन त्यांची वाट बघत थांबलेली, आणि उशीर झाला तर ग्राहकाचा दंड आमच्या कंपनीवर.

कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. कागदपत्रे चोख होती. उणे वीस अंशाला आघात चाचणीत सरासरी किमान १२ ज्यूल ऊर्जा लागायला हवी, प्रमाणपत्रावर त्याहून जास्तच होती. (बंगळूरच्या मेट्रोला उणे वीस कशाला, असे माझ्या सौभाग्यवतींनीही विचारले होते. थंडीत लोखंड ठिसूळ होते, म्हणून थंडीत जो टिकला त्याच्या अंगात उन्हाळ्यात भरपूर ताकद शिल्लक असते, एवढाच त्याचा अर्थ.) पण करारात एक ओळ होती, की निरीक्षकाने निवडलेला एक नग कापून त्याचीही चाचणी घ्यावी. सहसा ही ओळ कोणी वापरत नाही, कारण चांगला नग फुकट जातो आणि दोन दिवस मोडतात. मी ती वापरली. नगावर हीट नंबर आणि साच्याचा क्रमांक उठावदार आकड्यांत असतो. शिरोलीच्या सवयीने मी एका हीटमधला शेवटचा क्रमांक उचलला. चाचणीत आकडा आला सातच्या आसपास.

लॅबमध्ये शांतता पसरली. मग व्यवस्थापक म्हणाले, "मेई वन्ती", नमुना कापताना चूक झाली असेल. पुन्हा कापला, पुन्हा सात. दुसऱ्या हीटचे दोन नग कापले, दोन्ही उत्तम. म्हणजे सगळा माल वाईट नव्हता, पण वाईट किती आणि कोणता हे कळायला मार्ग नव्हता. रात्री बंगळूरहून फोन आला. फोनवरचे साहेब माझ्याहून चार पायऱ्या वरचे आणि इंजिनिअरिंगचे पदवीधर. म्हणाले, "प्रमाणपत्र आहे ना? मग अडवतोस कशाला? एका नगावरून पाच गाड्या थांबवायच्या का?" त्यांचेही बरोबर होते, दंडाचा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. मी म्हटले, "साहेब, दोन दिवस द्या. आज सही मागितलीत तर सगळ्या २४० वर नकाराची करावी लागेल." त्या रात्री झोप लागली असे म्हणता येणार नाही.

त्या फौंड्रीत ओतकामावर साठीच्या घरातले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना "शीफू" म्हणत. कसबी कारागिराला, शिकवणाऱ्याला तिथे हा शब्द वापरतात. आदल्या दिवशी साच्यांपाशी फिरताना मी सवयीने मूठभर वाळू उचलून दाबून बघितली होती. ते हसले होते आणि त्यांनी स्वतःच्या मुठीतली वाळू माझ्या हातावर ठेवली होती. दुभाषी मुलीमार्फत मी सांगितले, की आमच्याकडे अशा माणसाला "मिस्त्री" म्हणतात. त्यांनी दोनदा म्हणून बघितले, "मि-स-त-ली."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळे झोपलेले असताना हे शीफू त्या मुलीला घेऊन लॅबमध्ये आले आणि तेलकट पुठ्ठ्याची एक वही त्यांनी माझ्यासमोर ठेवली. कंपनीची नोंदवही नव्हे, त्यांची स्वतःची. प्रत्येक लाडलचा क्रमांक, मॅग्नेशियम दिल्याची वेळ, शेवटचा साचा भरल्याची वेळ, साच्यांचे क्रमांक. अक्षर मला वाचता येत नव्हते, आकडे येत होते. बहुतेक ओळींत आठ-नऊ मिनिटे. तिसऱ्या हीटच्या पहिल्या लाडललाही आठ, आणि पुढच्या तीन लाडलना अठरा, एकोणीस, वीस. त्या दुपारी क्रेन वारंवार बंद पडत होती आणि चालवणारा मुलगा सणानंतर नव्याने लागलेला होता.

आता कागद का चोख होते तेही उमगले. एका हीटमधून चार लाडल भरत, एका लाडलमध्ये बारा बॉक्स. चाचणीचा नमुन्याचा ठोकळा ते पहिल्या लाडलच्या पहिल्या लोखंडातून ओतत होते. ते लोखंड ताजे, त्याचा निकाल चांगलाच येणार. प्रमाणपत्र खोटे नव्हते, फक्त ते त्या छत्तीस नगांबद्दल काहीच सांगत नव्हते. ठोकळा ओतायचा तो लाडलच्या शेवटच्या लोखंडातून, म्हणजे तो चांगला निघाला तर आधीचे चांगले असणारच.

मग आम्ही सगळ्या २४० नगांतून अल्ट्रासोनिकचा वेग मोजला. चांगल्या एसजी आयर्नमधून ध्वनी सेकंदाला ५६०० मीटरच्या आसपास जातो, गोळ्या बिघडल्या की वेग उतरतो. २०४ नग नीट होते. वहीतल्या छत्तिसांपैकी पंचवीस उघड उघड उतरलेले, पण अकरांचा वेग काठावर का होईना, ठीक होता. ते अकरा वाचवण्यासाठी व्यवस्थापकांनी दोन तास घालवले. माझे म्हणणे एवढेच, की लोखंड वीस मिनिटे थांबले होते हे मला आता माहीत आहे, आणि माहीत असताना मी तो नग गाडीखाली बसवू शकत नाही. छत्तीसच्या छत्तीस नगांवर लाल रंग मारून, दोन छिद्रे पाडून मगच मी २०४ नगांच्या कागदावर सही केली. २०४ म्हणजे पंचवीस डबे. लाइन सुरू झाली, बाकीचे नग पाच आठवड्यांनी निघाले, आणि दंडावर आमच्या साहेबांनी ग्राहकाशी काय ते मिटवले.

मला काळजी होती शीफूंची. तिथे "म्येन्झ", म्हणजे इभ्रत, ही फार मोठी गोष्ट आहे आणि पाहुण्यासमोर त्यांनी स्वतःच्या साहेबाची इभ्रत घालवली असे कोणी म्हणू शकले असते. म्हणून बैठकीत मी दुभाषी मुलीला मुद्दाम असे सांगायला लावले, की या कारखान्यात मिनिटामिनिटाची नोंद ठेवली जाते म्हणूनच २०४ नग वाचले, नाहीतर सगळेच परत करावे लागले असते. हे खरेही होते. व्यवस्थापकांचा चेहरा सैल झाला. रात्रीच्या जेवणाला त्यांनी शीफूंना माझ्या शेजारी बसवले. "कानपे" म्हणत बायज्यू नावाची जी दारू देतात ती लहान पेल्यात असते म्हणून फसू नये, घशातून जाताना मशाल जाते. वडीलधाऱ्याच्या पेल्यापेक्षा आपला पेला खाली धरून टेकवायचा, ही रीत मला तिथेच कळली. २०१९ मध्ये पुन्हा गेलो तेव्हा ती वही नव्हती. तिच्या जागी कंपनीचा छापील तक्ता होता, त्यात लाडलच्या वेळेचे दोन रकाने, आणि ते भरण्याचे काम शीफूंकडेच.

पुढे २०२० उजाडले. विमाने बंद झाली. गलवाननंतर त्या वर्षी २९ जूनला ५९ ॲप्सवर बंदी आली, त्यात वीचॅट होते, आणि तिथल्या सगळ्यांशी माझे बोलणे त्यावरच होते. शीफूंचा दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. जुलैत सरकारी खरेदीत सीमेलगतच्या देशांतल्या कंपन्यांना नोंदणीची अट घातली गेली. मधल्या काळात आम्ही मोबाइलच्या कॅमेऱ्यावर तपासण्या केल्या. पण कॅमेरा धरणाऱ्याला जे दाखवायचे तेच दिसते. वाळू मुठीत घेता येत नाही आणि जेवणानंतर लॅबमध्ये कोणी वही घेऊन येत नाही.

हे ॲक्सल बॉक्स आता आम्ही कोल्हापूर-बेळगाव भागात ओतून घेतो. मग आधीच का नाही, असे तुम्ही विचाराल. आमच्या लोकांना लोखंड कळत नव्हते असे नाही. पॅटर्न तिथे काही दिवसांत तयार होई, आपल्याकडे महिने लागत. फौंड्री, मशीनिंग, लॅब, रंगकाम सगळे पाच-दहा किलोमीटरच्या आत. आपल्याकडे ओतायचे एकीकडे, तपासायला पाठवायचे दुसरीकडे. आता यात सुधारणा आहे, पण चीनला नावे ठेवून ती झालेली नाही, मुद्दाम सांगतो. आणि तिथे सगळे सोन्याचे आहे असेही नाही. चकचकीत रोबोटच्या शेजारी तोंडाला काही न बांधता धुळीत ग्राइंडिंग करणारा पोरगा मी तिथेही पाहिला आहे.

लाडलच्या वेळेचा तो तक्ता मी शिरोलीच्या आमच्या पुरवठादाराकडेही लावायला गेलो. तिथले मिस्त्री म्हणाले, "साहेब, घड्याळ बघत बसू का ओतू?" मी क्रेनवाल्याच्या समोरच भिंतीवर मोठे घड्याळ लावून दिले आणि खडू दिला. पहिले दोन महिने तक्त्यात सगळीकडे आठच मिनिटे लिहिलेली असत, एकजात. तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा एका ओळीत तेरा आले, त्यापुढे खडूने फुली, आणि ते नग बाजूला काढून ठेवलेले. त्या दिवशी मी मिस्त्रींना मिसळ खाऊ घातली.

आपल्या मंडळातले दोघे तरुण पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामाला तिकडे चालले आहेत असे कळले. ऑक्टोबर २०२५ पासून थेट विमाने पुन्हा सुरू झाली आहेत, त्यामुळे प्रवास सोपा झाला. त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी: जानेवारी-फेब्रुवारीतला सण आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या आणि समोरच्याचे घेतल्यावर वाचून मग खिशात घाला. हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरात कागदावर लिहून जवळ ठेवा, मोबाइलची बॅटरी नेमकी टॅक्सीत बसल्यावर संपते. गरम पाणी प्यायची तयारी ठेवा. आणि मेतकूट न्या, तिथल्या भाताबरोबर फार छान लागते.

बाकीचे चहा घेताना बोलू. नमस्कार.